घरी भरदार, रंगमंचावर गप्प

फिरोदिया करंडकाच्या तालमी सुरू झाल्या, की पुण्यातल्या कॉलेजांत एक तक्रार हमखास ऐकू येते. गिटार घरी छान वाजते, पण सगळ्यांबरोबर वाजवली की ऐकूच येत नाही! मग वडिलांकडे नव्या गिटारचा हट्ट. त्याआधी मित्राचे इक्वलायझर पेडल जोडून पाहा.

बॉसच्या जीई-७ पेडलवर १०० हर्ट्झपासून ६.४ किलोहर्ट्झपर्यंत सात सरकती बटणे असतात. प्रत्येक १५ डेसिबलपर्यंत वर किंवा खाली जाते. एकटे वाजवताना आपण खर्ज वाढवतो, मधला भाग कमी करतो. पण गिटारची सर्वांत जाड तार ८२ हर्ट्झला बोलते आणि त्या परिसरात बेस गिटार व ड्रम आधीच ठाण मांडून बसलेले असतात. म्हणून १०० चे बटण खाली घ्या, ८०० चे थोडे वर. एकट्याने ऐकाल तर आवाज नाकातून आल्यासारखा वाटेल, वाटू द्या. गायक गाऊ लागला, की मात्र पेडल बंद करा, त्याचे शब्दही याच भागात असतात.

पेडल डिस्टॉर्शनच्या आधी जोडले तर खरखरीचा पोत बदलतो, नंतर जोडले तर तयार आवाजाला आकार देता येतो. सोलोसाठी नंतरच बरे. आणि बटणे लावताना एखाद्या मित्राला शेवटच्या रांगेत बसवा.