आधी थांबणं, मग पळणं : जुन्या फियाटचे ब्रेक आणि क्लच-गिअर

(वळसंग येथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचे हे शब्दांकन. बोलण्याची ढब शक्यतो तशीच ठेवली आहे.)



गळिताच्या हंगामात उसाच्या ट्रॉल्या आपण सगळेच बघतो. दोन-दोन ट्रॉल्या लावल्या तरी ट्रॅक्टर ओढायला कमी पडत नाही. उतार लागला की मात्र मागचं वजन ट्रॅक्टरलाच ढकलायला लागतं, आणि ड्रायव्हरचा जीव ब्रेकच्या पायात येतो. ओढायची ताकद वेगळी आणि थांबवायची ताकद वेगळी, हे आपल्याला शिकवावं लागत नाही. जुनी गाडी ‘स्पोर्ट’ करायला निघालेली पोरं मात्र नेमकं हेच विसरतात. म्हणून आजचा विषय.

आपल्याकडे स्पोर्ट्स कार म्हणावी अशी गाडी सामान्य माणसाच्या वाट्याला कधी आलीच नाही. शौकिनांनी ती हौस फियाटवर भागवली. मुंबईत कुर्ल्याला प्रीमियरच्या कारखान्यात 1964 पासून फियाट 1100 डिलाइट निघू लागली आणि सत्तरच्या दशकात तिचंच नाव ‘प्रीमियर पद्मिनी’ झालं. मद्रासजवळ शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर शर्यती व्हायच्या, त्यातही फियाटी पळायच्या. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी 2023 च्या ऑक्टोबरअखेर निवृत्त झाली. पण हौसेनं ठेवलेल्या गाड्या अजून आहेत, आणि त्या हातात आल्या की पहिला विचार सुचतो तो इंजिनाचा.

आता मूळ गाडी काय होती ते बघा. इंजिन 1089 सीसीचं, ताकद चाळीस हॉर्सपॉवरच्या घरातली. चार गिअर. इंजिन पुढं, जोर मागच्या चाकांना. आणि ब्रेक? चारही चाकांना ड्रम, तेही बूस्टरशिवाय. त्या ताकदीला आणि त्या काळच्या स्पीडला ते पुरत होते. ताकद वाढवली की हिशेब बदलतो.

ब्रेक काय करतो? गाडीच्या गतीची उष्णता करतो, बाकी काही नाही. आणि ही ऊर्जा स्पीडच्या वर्गाच्या पटीत वाढते. हजार किलोची गाडी धरा. साठच्या स्पीडला तिच्यात साधारण 139 किलोज्यूल ऊर्जा असते, शंभरला 386. स्पीड दीडपटीपेक्षा थोडा जास्त, पण ब्रेकवरचा भार पावणेतीन पट!

आता घाट घ्या. सोलापूरहून मुंबईला जाताना खंडाळ्याहून खोपोलीला उतरताना आपण ढोबळ मानानं पाचशे मीटर खाली येतो. हजार किलोच्या गाडीची ही ऊर्जा जवळजवळ 4,900 किलोज्यूल होते. म्हणजे शंभरच्या स्पीडवरून बारा-तेरा वेळा गाडी जागच्या जागी उभी करण्याइतकी. त्यातला बराच वाटा इंजिनानं घ्यायचा असतो, म्हणून तर घाट खालच्या गिअरमध्ये उतरायचा. न्यूट्रलमध्ये उतरलात तर सगळी उष्णता ड्रमच्या डोक्यावर.

ड्रम तापला की फुगतो आणि लायनरपासून लांब जातो. लायनरची पकडही ढिली होते. पेडल खाली जातं, गाडी थांबत नाही. डिस्क उघडी असते, वाऱ्यावर लवकर निवते, आणि तापून फुगली तरी पॅडच्या दिशेनंच फुगते. म्हणून पुढच्या चाकांना डिस्क लावायचा मोह होतो. मोह रास्त आहे. पण डिस्क लावली म्हणजे काम झालं असं नाही, खरं काम तिथून सुरू होतं.

एक. ड्रममध्ये पुढचा शू चाकाच्या फिरण्यानं आपोआप आत ओढला जातो, त्यामुळं पायाला कमी जोर लागतो. डिस्कमध्ये ही आयती मदत नाही. म्हणून बूस्टर लागतो.

दोन. कॅलिपरला व्हील सिलिंडरपेक्षा जास्त ऑइल लागतं. जुना मास्टर सिलिंडर तेवढं ढकलू शकत नाही. मोठ्या बोअरचा लावला तर ऑइल जास्त जातं, पण तेवढ्याच पायजोरात प्रेशर कमी मिळतं. हे गणित आधी जुळवायचं असतं.

तीन, आणि हे फार जण चुकवतात. ड्रमसाठी बनवलेल्या मास्टर सिलिंडरमध्ये लाईनीत थोडं प्रेशर धरून ठेवणारा व्हॉल्व्ह असतो. तोच डिस्कला जोडला तर पॅड सुटतच नाहीत, घासत राहतात. गाडी जड चालते, आणि दहा-वीस किलोमीटरवर डिस्क लालभडक.

चार. पुढचा आणि मागचा तोल. ब्रेक मारला की गाडी नाक खाली घालते, वजन पुढं येतं, मागची चाकं हलकी होतात. मागची आधी जाम झाली तर गाडी गर्रकन फिरते. म्हणून सुधारणा पुढून सुरू करा. मागं ड्रम राहू द्या, हँडब्रेकही त्यावरच चालतो.

आता ताकद चाकापर्यंत नेणाऱ्या साखळीकडे वळू. क्लच, गिअरबॉक्स, प्रोपेलर शाफ्ट, त्याचे क्रॉस, डिफरन्शियल, ॲक्सल. अशा गाडीत पहिला गिअर इंजिनाचा पीळ पावणेचार पट करतो, डिफरन्शियल आणखी सव्वाचार पट. म्हणजे ॲक्सलला जवळजवळ सोळा पट पीळ पोचतो. इंजिनात थोडी वाढ केली तरी शेवटी ती सोळा पटीनं जाणवते.

साखळी सगळ्यात कच्च्या कडीला तुटते. पूर्वी क्लच घसरायचा आणि बाकीचे भाग वाचायचे. तुम्ही कडक प्रेशर प्लेट टाकलीत की घसरणं बंद, आणि धक्का थेट क्रॉसला, क्राऊन-पिनियनला, ॲक्सलला. एक भाग मजबूत केला की दुखणं पुढच्या भागात सरकतं. दुसऱ्या गाडीचा पाच गिअरचा बॉक्स बसवला की प्रोपेलर शाफ्टची लांबी बदलते. तो कापून वेल्डिंग केला तर बॅलन्सिंग केल्याशिवाय लावू नका. क्रॉसचा कोन चुकला तर गाडी ठरावीक स्पीडला थरथरते, आणि क्रॉस तुटला तर शाफ्ट खाली येऊन रस्त्याला घासतो.

कायद्याचंही ऐका. मोटार वाहन कायदा 1988, कलम 52. नोंदणीतला तपशील मूळ उत्पादकाच्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी 2019 मध्ये हे स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं बेकायदा बदलाला प्रत्येक बदलामागं पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आली. शिवाय खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी नव्यानं करावी लागते, तेव्हा तपासणी होतेच. म्हणून काम सुरू करण्याआधी आरटीओत विचारा आणि उत्तर लेखी घ्या. अपघात झाला तर विमा कंपनी हाच कागद मागेल.

शेवटी एका तरुण श्रोत्यानं विचारलं, “सर, पैसे थोडेच आहेत. आधी काय करू?”

चांगला प्रश्न. आधी काहीही नवीन बसवू नका. आहे ते मूळ ब्रेक पूर्ण नीट करा. चारही ड्रम गोल आहेत का मोजून घ्या, लायनर नवे, व्हील सिलिंडरचे रबर नवे. रबरी होज वरून चांगले दिसतात आणि आतून फुगलेले असतात, ते बदला. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं. डॉट 3 ऑइल कोरं असताना उकळायला किमान 205 अंश लागतात, पाणी शिरल्यावर ते 140 वर येऊ शकतं. घाटात ऑइल उकळलं की लाईनीत वाफ, आणि पेडल थेट फ्लोअरला. म्हणून दोन वर्षांत एकदा ऑइल बदला आणि एअर नीट काढा. मग चांगले टायर घ्या, कारण ब्रेक चाक थांबवतो, गाडी थांबवतो तो टायर. एवढं करून मोकळ्या मैदानात वीसच्या स्पीडला चारदा थांबवून बघा. गाडी एका बाजूला ओढते का, कुठलं चाक आधी जाम होतं, हे वहीत लिहा.

यातच निम्म्यांची हौस भागते. त्यानंतरही पैसे उरले तर पुढची डिस्क. मग क्लच-गिअर. आणि इंजिन? ते सगळ्यात शेवटी.