पेशींच्या अंगावरची साखर

वैद्यकाच्या पहिल्या वर्षाला शर्करा भेटतात त्या ऊर्जेच्या प्रकरणात. ग्लुकोज जळतं, उरलेलं ग्लायकोजेन होऊन यकृतात आणि स्नायूंत साठतं, इन्शुलिन कमी पडलं की मधुमेह होतो. हे सगळं खरंच आहे. पण आपल्या प्रत्येक पेशीच्या बाहेरच्या अंगावर शर्करांच्या साखळ्यांचं दाट रान माजलेलं असतं, आणि विषाणू असो, जिवाणू असो की शेजारची पेशी, जो कोणी येतो तो आधी त्यालाच भिडतो. याचा उल्लेख मात्र ओझरताच होतो. अलीकडचं संशोधन वाचताना ही उपेक्षा मला फार खटकते.

तिला कारण होतं. प्रथिनाचा क्रम जनुकात लिहिलेला असतो. शर्करांच्या साखळीचा तसा लिहिलेला नसतो. पेशीतली एन्झाइमं एकेक शर्करा जोडत जातात, त्यामुळे एकाच प्रथिनाच्या दोन प्रतींवरच्या साखळ्याही वेगळ्या असू शकतात. तीन वेगळी अमिनो आम्लं एका ओळीत सहा प्रकारेच मांडता येतात. तीन शर्करा मात्र हजाराहून अधिक प्रकारे जुळतात, कारण प्रत्येकीला जोड द्यायला अनेक जागा असतात. असा रेणू प्रयोगशाळेत घडवणं वर्षानुवर्षं जिकिरीचं होतं. २००१मध्ये पीटर सीबर्गर यांच्या गटाने हे काम यंत्राकडून करून घ्यायची रीत दाखवली, तेव्हा वाट थोडी मोकळी झाली.

सगळ्यांच्या ओळखीचं उदाहरण रक्तगटाचं. लाल पेशीवरच्या साखळीच्या टोकाला फ्युकोज बसलं की ‘एच’ प्रतिजन तयार होतं. त्यावर गॅलॅक्टोज चढलं तर ‘बी’ गट, एन-ॲसिटिल-गॅलॅक्टोसअमाइन चढलं तर ‘ए’, काहीच चढलं नाही तर ‘ओ’. १९५२मध्ये मुंबईच्या डॉ. वाय. एम. भेंडे, सी. के. देशपांडे, एच. एम. भाटिया यांनी लंडनच्या सहकाऱ्यांसह ‘लॅन्सेट’मध्ये एक नवाच प्रकार नोंदवला. या माणसांच्या पेशींवर ते फ्युकोजच बसत नाही. हाच ‘बॉम्बे’ रक्तगट. भारतात साधारण दहा हजारांत एकाचा. रक्तपेढीत ॲण्टी-ए आणि ॲण्टी-बीचे थेंब टाकले तर या पेशी चिकटत नाहीत, आणि कार्डावर ‘ओ’ लिहिलं जायची भीती असते. पण ‘ओ’ पेशींवरचं ‘एच’ या माणसाच्या शरीराला परकं असतं, म्हणून त्याचं सीरम ‘ओ’ पेशींत मिसळलं की काचेवर दाणे दाणे दिसू लागतात. ही उलटी तपासणी टाळली तर माणसाच्या जिवावर बेतू शकतं. कोकणात ज्याची पिठी करतात त्या कुळथाचाही रक्तपेढीत उपयोग होतो. त्यातलं लेक्टिन, म्हणजे शर्करा ओळखणारं प्रथिन, ‘ए-१’ उपगटाच्या पेशींना नेमकं ओळखतं, हे १९५१मध्ये जी. डब्ल्यू. जी. बर्ड यांनी दाखवलं.

टोकाची शर्करा कापून ‘ए’ किंवा ‘बी’ रक्ताचं ‘ओ’ करता येईल का, हा जुना ध्यास आहे. कॉफीच्या हिरव्या बियांतल्या एन्झाइमने ‘बी’ पेशी ‘ओ’ केल्याचं काम १९८२मध्ये प्रसिद्ध झालं. २०२४मध्ये डेन्मार्क आणि स्वीडनच्या संशोधकांनी आतड्यातल्या ॲकरमॅन्सिया या जिवाणूची एन्झाइमं वापरली. नेहमीच्या साखळ्यांबरोबर त्यांच्या लांबलेल्या रूपांनाही कापावं लागतं, हे त्यांनी दाखवलं. ‘बी’च्या बाबतीत यश जवळ आलंय, ‘ए’ अजून अवघड जातोय. बॉम्बे गटाच्या माणसाला या ‘ओ’चाही उपयोग नाही, कारण त्यावर ‘एच’ शिल्लक राहतंच.

मला सर्वांत मोलाची वाटते ती लशींची कथा. मेनिंजायटिस, न्यूमोनिया करणाऱ्या अनेक जिवाणूंभोवती शर्करांचं कवच असतं. नुसतं कवच टोचलं तर दोन वर्षांच्या आतल्या बाळाचं शरीर धड प्रतिसाद देत नाही. तीच शर्करा एखाद्या प्रथिनाला जोडली की टी-पेशी मदतीला येतात आणि प्रतिकाराची स्मृती टिकते. हा विचार ॲव्हरी आणि गोबेल यांनी १९२९ सालीच मांडला होता. आफ्रिकेच्या मेनिंजायटिस पट्ट्यात १९९६-९७च्या साथीने सुमारे २५,००० बळी घेतले. त्यानंतर पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने जागतिक आरोग्य संघटना आणि ‘पाथ’ ही संस्था यांच्या प्रकल्पात ‘मेनआफ्रिव्हॅक’ तयार केली. मेनिंजायटिसच्या ‘ए’ गटाच्या जिवाणूची शर्करा धनुर्वाताच्या टॉक्सॉइडला जोडलेली, आणि डोसची किंमत अर्ध्या डॉलरहून कमी. २०१०च्या डिसेंबरात बुर्किना फासोत मोहीम सुरू झाली, आणि पुढच्या काही वर्षांत त्या पट्ट्यातून ‘ए’ गटाचा आजार जवळजवळ नाहीसा झाला. मग इतर गट उरले होते. त्यांच्यासाठी पुण्यातूनच निघालेली पाच गटांची लस २०२४मध्ये नायजेरियात प्रथम वापरात आली. ‘मेनआफ्रिव्हॅक’इतक्या स्वस्त आणि परिणामकारक लशी या शतकात फारशा झालेल्या नाहीत.

कर्करोगाकडे वळलं की चित्र अजून अर्धवट आहे. अनेक अर्बुदांच्या पेशी सायलिक आम्लाचा जाड थर अंगावर घेतात. तो प्रतिकारपेशींवरच्या सिग्लेक ग्राहकांना ‘थांब’ असा इशारा देतो. कॅरोलिन बर्टोझी यांना २०२२चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं ते जिवंत पेशींत, पेशींना धक्का न लावता अभिक्रिया घडवण्याच्या रसायनासाठी. त्यांनीच हे आम्ल कापणारं एन्झाइम प्रतिपिंडाला जोडून पाहिलं. प्रयोगशाळेतले निकाल उत्साह देणारे आहेत. रुग्णांवरचं काम मात्र प्राथमिक टप्प्यावरच आहे. आरएनएवरही शर्करा-साखळ्या असतात हा २०२१चा दावा खूप गाजला. त्याविषयी मी घाई करणार नाही.

या सगळ्याहून जवळचा मला एक दुर्मीळ आजार वाटतो. काही मुलांत फ्रुक्टोजच्या फॉस्फेटपासून मॅनोजचा फॉस्फेट बनवणारं एन्झाइम दुबळं असतं. मग प्रथिनांवरच्या साखळ्या अपुऱ्या राहतात. उलट्या, जुलाब, यकृताची सूज, रक्तातली साखर वारंवार उतरणं. बुद्धी मात्र शाबूत. १९९८मध्ये अशा एका मुलाला तोंडाने मॅनोज दिलं आणि त्याची तब्येत सावरली. साखळ्या अपुऱ्या राहण्याच्या अशा आजारांपैकी सर्वांत जास्त आढळणाऱ्या ‘पीएमएम-२’ आजारावर हा उपाय चालत नाही, कारण तिथली अडचण याच्या पुढच्या रासायनिक पायरीवर असते. दोन्हींचा संशय आला की रक्तातल्या ट्रान्सफेरिन या प्रथिनावरच्या साखळ्या तपासतात. कारण न सापडलेला यकृताचा त्रास, झटके किंवा खुंटलेली वाढ असलेल्या बाळाच्या तपासण्यांच्या यादीत ही तपासणी असायलाच हवी.