गल्ल्यावरचं मांजर

वाशी-नेरूळकडच्या भेटवस्तूंच्या दुकानांत, फेंगशुईच्या फळीवर लाफिंग बुद्धाला खेटून एक सोनेरी मांजर बसलेलं दिसतं. एक पंजा सारखा हलवणारं. रस्त्यात मांजर आडवं गेलं की थबकणारी माणसंही ते हौसेने विकत घेतात आणि गल्ल्याशेजारी ठेवतात. दाराला लिंबू-मिरची, आत हे मांजर: एकीनं नजर अडवायची, दुसऱ्यानं गिऱ्हाईक ओढायचं.

फेंगशुई चिनी, मांजर मात्र जपानी. नाव मानेकी-नेको. तोक्योच्या गोतोकुजी मंदिराची कथा सर्वांत प्रसिद्ध आहे. शिकारीहून परतणाऱ्या ई नाओताका या सरदाराला एका दरिद्री मठाच्या दारातल्या मांजरानं पंजानं खुणावलं. तो आत शिरला आणि बाहेर वादळ कोसळलं. 1633मध्ये हा मठ त्याच्या घराण्याचं मंदिर झाला. कथा गोड आहे, पण मला तोक्योतल्याच आसाकुसाजवळच्या इमादोची जास्त खरी वाटते. गरिबीपायी मांजर सोडून द्यावं लागलेल्या म्हातारीच्या स्वप्नात ते मांजर येतं आणि सांगतं, ‘माझी मातीची मूर्ती कर.’ ती मूर्ती विकते आणि तिचं घर चालतं. चित्रकार हिरोशिगेच्या 1852च्या एका चित्रात अशी मांजरं विकणारी टपरीही दिसते. म्हणजे सरदाराच्या कृपेहून बाजाराशीच याचं नातं घट्ट.

उजवा पंजा वर असेल तर पैसा, डावा असेल तर गिऱ्हाईक, असा साधारण समज. गळ्याशी धरलेलं लांबट सोन्याचं नाणं म्हणजे कोबान. खऱ्या कोबानचं मोल जुन्या जपानी चलनात एक ऱ्यो. मांजराच्या नाण्यावर मात्र बेधडक एक कोटी ऱ्यो लिहितात! गोतोकुजीतल्या मांजरांकडे नाणंच नसतं. मांजर संधी आणून देतं, पुढचं तुमचं तुम्ही बघा, असं तिथे मानतात.

पंजाची खूण आपल्याला समजावून सांगावी लागत नाही. तळवा खाली करून बोटं हलवत ‘ये ये’ म्हणायची सवय आपलीही आहे. अमेरिकन माणसाला तो निरोपाचा हात वाटतो, म्हणून तिकडच्या बाजारासाठी पंजा उलटा फिरवलेली, हाती डॉलर दिलेली मांजरंही निघाली.

जपानात ही मांजरं तोकोनामेसारख्या गावी भट्टीत भाजून होतात. आपल्याकडची बहुतेक प्लास्टिकची. पायथ्याशी इवलीशी सौरपट्टी असते. तिच्या विजेवर तारेचं वेटोळं लोहचुंबकाला ढकलतं आणि पंजा लंबकासारखा झुलतो. दुकानातल्या ट्यूबलाइटचा उजेडही त्याला बहुधा पुरतो.

हल्ली दोन्ही पंजे उंचावलेलं मांजरही मिळतं. पैसाही हवा, गिऱ्हाईकही हवं, असा रोकडा हिशेब. जपानातले काही दुकानदार मात्र ते टाळतात. व्यापाऱ्यानं दोन्ही हात वर केले, तर उधारी द्यायची कुणी?