जोखलेल्या नौका

मुंबईहून २८ सप्टेंबर १९८५ रोजी निघालेली ‘तृष्णा’ १० जानेवारी १९८७ ला मुंबईत परतली. शिडाच्या नौकेतून भारतीयांनी केलेली ही पहिली पृथ्वीप्रदक्षिणा. टपाल खात्याने तिकीट काढलं, सत्कार झाले. पण लष्कराच्या इंजिनिअर्स कोअरच्या अधिकाऱ्यांनी हा पराक्रम ब्रिटनमध्ये विकत घेतलेल्या, आधी कुणीतरी वापरलेल्या नौकेवर केला होता, ही गोष्ट कौतुकात मागे पडली. ती होती फिनलंडच्या नॉटर कारखान्यातली ३७ फुटी ‘स्वान’. या कारखान्याच्या नौका भक्कम बांधणीसाठी जगभर नावाजलेल्या आहेत.

लांबच्या सफरीला वापरलेली नौका घेण्यात शहाणपण असतं, त्याचं कारण हिशेबाचं आहे. नवी नौका बहुधा मोजक्याच सामानानिशी ताब्यात येते. वाऱ्याच्या दिशेवर आपोआप चालणारं सुकाणूयंत्र, खाऱ्या पाण्याचं गोडं करणारं यंत्र, सौरपाट्या, जास्तीचे नांगर आणि साखळ्या, जीवरक्षक तराफा, वादळी शिडं हे सगळं पुढे एकेक करून बसवावं लागतं. त्यात पैसा जातोच, वर्षही जातं. पहिल्या मालकाने हे सोसलेलं असतं आणि विकताना त्याला त्याचा पुरता मोबदला क्वचितच मिळतो. हा फायदा दुसऱ्या मालकाचा. मात्र त्या सामानाची झीजही त्याच्याच पदरात पडते.

ही झीज कशी सांभाळतात ते ‘म्हादेई’कडे पाहून कळतं. एकट्या भारतीयाने शिडावर जग फिरून यावं हा ध्यास व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांचा. निवृत्तीनंतर ते फलटणजवळच्या विंचुर्णीत राहत. कमांडर दिलीप दोंदे पुढे आले. त्यांच्यासाठी गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांनी आपल्या ॲक्वेरियस कारखान्यात लाकडी पट्ट्या आणि फायबरग्लासची ५६ फुटी नौका बांधली. आराखडा हॉलंडच्या व्हान द स्टाट यांचा आणि नाव गोव्याच्या नदीचं. फेब्रुवारी २००९ मध्ये ती नौदलात आली. ऑगस्टमध्ये दोंदे मुंबईहून निघाले आणि चार बंदरांत थांबत मे २०१० मध्ये परतले. त्यानंतर १ नोव्हेंबर २०१२ ला अभिलाष टॉमी याच नौकेवर निघाले आणि कुठेही न थांबता पाच महिन्यांत परत आले. पुढे नौदलाच्या महिला अधिकारीही तिच्यावरच तयार झाल्या. टॉमींच्या हाती आली तेव्हा म्हादेई एक प्रदक्षिणा घालून आलेली, म्हणजे वापरलेलीच नौका होती. पण कोणता भाग कुठे थकतो हे तोवर तिच्या माणसांना पाठ झालं होतं.

खासगी खरेदीदाराला ही माहिती आयती मिळत नाही, ती काढून घ्यावी लागते. सर्वेक्षक नौका पाण्याबाहेर काढायला लावतो आणि छोट्या हातोडीने तिचं अंग ठोकत जातो. रायपूरच्या गोल बाजारात असो की पुण्याच्या तुळशीबागेत, भांडं वाजवून घ्यायचं, तसंच हे. आवाज भरीव आला तर ठीक. बद्द आला तर फायबरचे थर सुटलेले असू शकतात, नाहीतर आत पाणी मुरलेलं असतं. मग तो कीलचे, म्हणजे नौकेच्या तळाखालच्या जड पात्याचे, बोल्ट बघतो, सुकाणूच्या दांड्याची ढिलाई बघतो, समुद्राचं पाणी आत घेणाऱ्या झडपा उघडझाप करून बघतो. डोलकाठी धरून ठेवणाऱ्या स्टीलच्या तारा वरून चकचकीत दिसतात, पण टोकाच्या जोडांत गंज धरतात. साधारण दहा-बारा वर्षांच्या झाल्या की त्या बदलायच्या हे धरूनच भाव करावा. इंजिन थंड असताना आपल्यासमोर सुरू करायला सांगावं. तराफ्यावरची शेवटच्या तपासणीची तारीख वाचावी. शिडं उभारून, वाऱ्यावर चालवून पाहिल्याशिवाय इसार देऊ नये.

सगळ्यात जास्त किंमत सुट्या भागांच्या पेटीला द्यावी, कारण भर समुद्रात काही मोडलं तर जवळ असेल त्यावरच भागवावं लागतं. एकट्याने जगप्रदक्षिणा करायच्या २०१८ च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत टॉमींची ‘थुरिया’ वादळात डोलकाठी गमावून बसली आणि पाठीच्या कण्याला दुखापत झालेल्या टॉमींना समुद्रातून सोडवून आणावं लागलं. २०२२ मध्ये ते पुन्हा उतरले ते ‘बयानात’ या रस्टलर ३६ जातीच्या जुन्या नौकेवर. या शर्यतीत १९८८ नंतरच्या आराखड्याची नौका चालतच नाही. वाटेत सुकाणूयंत्राचं पातं मोडलं, तेव्हा त्यांनी शौचालयाच्या दाराची फळी कापून नवं पातं केलं आणि २३६ दिवसांनी दुसरे आले. म्हादेईची धाकटी बहीण ‘तारिणी’ सहा महिला अधिकाऱ्यांना घेऊन जग फिरत असताना २०१८ मध्ये सुकाणूच्या बिघाडामुळे मॉरिशसला थांबली आणि दुरुस्त होऊन गोव्याला पोचली. तीच तारिणी ऑक्टोबर २०२४ मध्ये दिलना के. आणि रूपा ए. या दोघींना घेऊन पुन्हा निघाली आणि मे २०२५ मध्ये दुसरी प्रदक्षिणा पुरी करून आली.

आपल्या किनाऱ्यावर आणखी दोन प्रश्न आधीच सोडवावे लागतात. खोल कीलच्या नौकेला भरती-ओहोटीत उभं राहायला जागा कुठे, आणि पावसाळ्याचे चार महिने तिला ठेवायचं कुठे? मुंबईत शिडांचा हंगाम ऑक्टोबर ते मे एवढाच. म्हणून रायपूरकरांनी काय किंवा नागपूरकरांनी काय, हौस असेल तर आधी मुंबई-गोव्याच्या एखाद्या क्लबात दोन हंगाम दुसऱ्याच्या नौकेवर दोर ओढावेत. नौका घ्यायची वेळ आली की रंग आणि गाद्या शेवटी बघाव्यात. आधी नोंदवही मागावी: कोणता भाग कधी बदलला, कुणी बदलला, पावती कुठे आहे. ही वही नीट ठेवलेली वीस वर्षांची नौका वहीच नसलेल्या पाच वर्षांच्या नौकेपेक्षा बेलाशक घ्यावी.