आधी ट्रॅक्टर, मग ॲक्सल

दसरा तोंडावर आला की सोनपेठात वेल्डिंगच्या दुकानांपुढं ट्रॉल्या येऊन लागतात. कुणाचं फाळकं गंजून गेलेलं, कुणाची दांडी वाकलेली, कुणाच्या हबमध्ये बेअरिंग किरकिरतंय. सायखेड्याचा कारखाना तालुक्यातच, गंगाखेडचाही लांब नाही. एकदा गव्हाणीत मोळी पडली की हंगाम संपेपर्यंत ट्रॉलीला हात लावायला सवड मिळत नाही. जे काय करायचं ते आत्ताच.

ट्रॅक्टर कंपनीतून तयार होऊन येतो. ट्रॉली मात्र बहुतेक वेळा इथंच जन्माला येते, चॅनल कापून, पत्रा ठोकून. त्यामुळं या दोघांच्या चाकांचा मेळ घालणं हे कंपनीच्या इंजिनिअरचं नाही, मिस्त्रीचं काम. नवी ट्रॉली करून घ्यायला कुणी आलं, की मिस्त्रीचं पहिलं बोलणं ठरलेलं असतं, “आधी ट्रॅक्टर घेऊन या मामा, मग ॲक्सल कापू.”

गिऱ्हाइकाला हे पटत नाही. त्याच्या हिशेबानं ट्रॉली ती ट्रॉली, हुकाला अडकवली आणि पिन टाकली की झालं. डांबरी सडकेवर खरंच झालं असतं. पण ऊस भरायचा असतो फडात, आणि इथली जमीन काळी. पाण्याची पाळी होऊन चार दिवस गेले तरी वरून कोरडी दिसते आणि आत लोणी असते. ट्रॅक्टरचं मागचं चाक जातं तिथं माती दाबली जाते, चाकोरी पडते. ट्रॉलीचं चाक त्याच चाकोरीतून आलं, तर त्याला दाबलेली, घट्ट वाट मिळते. ते आतल्या किंवा बाहेरच्या अंगाला पडलं, तर प्रत्येक चाकाला आपली नवी चाकोरी कापत यावं लागतं. ओढ वाढते, ट्रॅक्टरची मागची चाकं जागच्या जागी फिरतात आणि मग दुसरा ट्रॅक्टर बोलावून टोचन लावायची वेळ येते. ऊस तोडून पडलेला, कोयते थांबलेले, मुकादम फोनवर. मिस्त्रीला हे सगळं ठाऊक असतं. बोलून दाखवायची त्याला गरज वाटत नाही.

ट्रॅक्टर आला की मिस्त्री तो दुकानापुढच्या मऊ धुळीतून सरळ दहा पावलं पुढं घ्यायला लावतो. टेप चाकाला लावत नाही, जमिनीवर उमटलेल्या ठशाला लावतो. चाकाचा मध्य नेमका कुठं, हे नुसत्या डोळ्यानं सांगणं अवघड, म्हणून त्याची युक्ती साधी आहे. डाव्या ठशाच्या बाहेरच्या कडेला टेपचं टोक धरायचं आणि उजव्या ठशाच्या आतल्या कडेपाशी आकडा वाचायचा. दोन्ही टायरं एकाच मापाची असली की हेच दोन चाकांच्या मध्यांमधलं अंतर. आकडा खडूनं ट्रॅक्टरच्या मडगार्डवरच लिहून ठेवतो. कागद हरवतो, मडगार्ड हरवत नाही.

यात थोडी सूट असते. ट्रॅक्टरचं मागचं टायर १४.९-२८ असलं म्हणजे रुंदी सुमारे पंधरा इंच. ट्रॉलीला ९.००-१६ टाकलं तर ते नऊ इंची. म्हणजे दोन्ही अंगांना तीन-तीन इंच इकडंतिकडं झालं तरी ट्रॉलीचं चाक ट्रॅक्टरच्या चाकोरीतच राहतं. त्यापलीकडं गेलं की धार कापायला लागते.

पण ट्रॅक्टरचं माप कायमचं नसतं. मागच्या चाकाची डिस्क उलटी करून, रिमवरच्या पट्ट्यांना ती दुसऱ्या अंगानं जोडून चाकं आतबाहेर घेता येतात. पुष्कळ ट्रॅक्टरांत हे माप चार-चार इंचांनी वाढतं. कापूस-सोयाबीनच्या ओळीत कोळपणी करण्यासाठी कुणी जूनमध्ये चाकं बाहेर घेतली असतील आणि ती तशीच राहिली असतील, तर ट्रॉलीचा सगळा मेळ चुकतो. म्हणून मिस्त्री आधी विचारतो, “ऊस ओढताना चाकं अशीच ठेवणार ना?” या प्रश्नाला बऱ्याच जणांकडं उत्तर नसतं. मग चहा येतो.

ट्रॉलीच्या डिस्कलाही खोलगटपणा असतो, त्यामुळं नुसता ॲक्सल मोजून भागत नाही. चौकोनी ॲक्सल विटांवर ठेवून दोन्ही टोकांना हब, डिस्क आणि टायर तात्पुरतं चढवायचं, पुन्हा टेप धरायची, आणि मगच ॲक्सल साट्याखाली पक्का करायचा.

दुसरा मेळ स्टेपनीचा. तो जास्त वादाचा आहे आणि माझ्या मते जास्त महत्त्वाचाही. ट्रॅक्टरची मागची चाकं ट्रॉलीला कधीच चालणार नाहीत, हे पोरगंही सांगेल. पण पुढची? लहान ट्रॅक्टरला पुढं ६.००-१६ असतं, ट्रॉलीला ७.५०-१६ किंवा ९.००-१६. रिम तिन्हींची सोळा इंची. एवढ्यावरून पुष्कळांना वाटतं की अडीनडीला ट्रॅक्टरचं पुढचं टायर ट्रॉलीला घालता येईल. रिमवर ते बसेलही, पण उंचीला दोन-तीन इंच तरी कमी भरतं आणि मुख्य म्हणजे त्याचा प्लाय कमी. पुढचं टायर बहुधा आठ प्लायचं, ऊस ओढणाऱ्या ट्रॉलीचं सोळा प्लायचं. हवेतही तोच फरक. ट्रॅक्टरच्या मागच्या टायरात शेतात पंधरा पौंडांच्या आसपास हवा ठेवतात, ट्रॉलीच्या टायरात त्याच्या चार-पाच पट. वरपर्यंत ऊस रचलेल्या ट्रॉलीला एका अंगाला बुटकं, कमी हवेचं चाक लावलं की ओझं तिकडं झुकतं. पुढं एखादा खड्डा येतोच. या भागातल्या रस्त्यांवर त्याची वाट पाहावी लागत नाही.

खरी गंमत नटांची आहे. एका ट्रॅक्टरमागं दोन ट्रॉल्या चालतात आणि त्या बहुतेक वेळा एका दुकानात बनलेल्या नसतात. मी मिस्त्रीकडं बसलो होतो तेव्हा आलेल्या एका शेतकऱ्याची पहिली ट्रॉली पाच नटांची, दुसरी जुनी घेतलेली, ती सहा नटांची. टायरं दोन्हींची सारखी, पण डिस्क एकमेकींना लागत नाहीत. म्हणजे दोन स्टेपन्या बाळगायच्या, नाहीतर रात्री रस्त्याच्या कडेला टायर डिस्कवरून उतरवून दुसऱ्या डिस्कवर चढवायचं. ज्या रिमला लोखंडी लॉकरिंग असते तिथं हे काम जीवावरचं. रिंग खाचेत नीट बसली नाही आणि हवा भरली, तर ती सुटून उडते. चांगला पंक्चरवाला रिंग जमिनीकडं करतो किंवा चाकाला साखळी गुंडाळतो, मगच नळी लावतो. अंधारात, मोबाइलच्या उजेडात कोण साखळी शोधत बसणार?

ऑस्ट्रेलियात गाडीमागं राहुटीची ट्रॉली जोडून रानावनात भटकणारे लोकही नेमक्या याच तीन गोष्टी बघतात, नटांची मांडणी, टायरचं माप आणि दोन चाकांतलं अंतर. त्यांची सोय एवढी की ओढणारी गाडी आणि मागची ट्रॉली दोन्हींना एकच चाक लावता येतं, एक स्टेपनी दोघांना पुरते. आपल्याकडं ट्रॅक्टरच्या बाबतीत ते शक्य नाही, म्हणून मेळ ट्रॉली-ट्रॉलीत घालायचा.

बैलांच्या टायरगाडीचं तर याहून वेगळंच. तिचं टायर एकोणीस इंची, ८.००-१९ वगैरे. ते ट्रॅक्टरलाही लागत नाही आणि ट्रॉलीलाही. त्याआधीच्या लाकडी चाकांच्या गाड्यांना मेळाचा प्रश्नच नव्हता. एका भागातल्या गाड्यांची चाकं साधारण सारख्याच अंतरावर असायची, कारण वाटेला आधीच्या गाड्यांनी चाकोऱ्या पाडून ठेवलेल्या असत. वेगळ्या मापाची गाडी केली तर तिचाच कणा मोडायचा.

पाच-सहा नटांच्या त्या शेतकऱ्यानं बराच वेळ घासाघीस केली. हबला नवी भोकं पाडून भागवता येईल का, असंही विचारून पाहिलं. मिस्त्रीनं मान हलवली. जुन्या भोकांशेजारी नवी पाडली की मधला भाग पातळ होतो आणि भार आला की तिथूनच चिरतो. शेवटी ठरलं ते असं. पाच नटांच्या ट्रॉलीचे हब काढायचे, सहा नटांचे घालायचे, जुन्या डिस्क भंगारात न देता कुणी गिऱ्हाईक मिळेपर्यंत दुकानातच ठेवायच्या.

हब बसले, चाकं चढली. नट एकापाठोपाठ एक न आवळता समोरासमोरचे, थोडे थोडे करत आवळले. पान्याला लांब नळी लावून मिस्त्रीचा पोरगा तिच्यावर उभा राहिला. ट्रॅक्टर सुरू झाल्यावर मिस्त्री मागून ओरडला, “दाजी, पहिली खेप टाकली की इकडंच या. ओझ्यानं नट ढिले पडतात. परत आवळायचे पैसे नाहीत.”