टॉवर उभा राहण्याआधी विचारा

आज आपण विजेच्या मोठ्या तारांबद्दल बोलणार आहोत. आपल्या घरात दिवा आणणारी खांबावरची तार नव्हे, तर शेतांवरून, डोंगरांवरून उंच लोखंडी टॉवरवर जाणारी उच्चदाबाची वाहिनी.

आम्ही जोगेश्वरीत राहतो. मुंबईला लागणारी सगळी वीज मुंबईत तयार होत नाही, बरीचशी बाहेरून येते. १२ ऑक्टोबर २०२० ला कळवा-पडघा भागातल्या वाहिन्या बंद पडल्या आणि लोकल गाड्या जागच्या जागी थांबल्या. त्यानंतर नव्या वाहिन्यांच्या कामाला जोर आला. त्यातली एक वाडा तालुक्यातल्या कुडूसपासून आमच्या शेजारच्या आरे कॉलनीपर्यंत आखलेली आहे. लांबी सुमारे ८० किलोमीटर. त्यातल्या सुमारे ३० किलोमीटरवर टॉवर आणि उघड्या तारा, उरलेले ५० किलोमीटर जमिनीखालून केबल. शहरात दाटी आहे म्हणून केबल, जरी तिचा खर्च कितीतरी जास्त असला तरी. टॉवर उभे राहतात ते मोकळ्या जागेत. पण नकाशावर मोकळी दिसणारी जागा कुणाची तरी भाताची खाचरं असतात. म्हणून ज्यांच्या शेतातून ही वीज येते, त्यांना आधी विचारलं गेलं पाहिजे असं आम्हाला वाटतं.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. विजेचा कायदा २००३ चा. त्याच्या कलम १६४ नुसार सरकार वाहिनी टाकणाऱ्याला १८८५ च्या जुन्या तार कायद्यातले अधिकार देऊ शकतं. हे अधिकार मिळाले की जमीन विकत न घेता तिथे टॉवर उभारता येतो. मालकाने अडवलं तर जिल्हाधिकारी कामाला परवानगी देऊ शकतात. म्हणजे नुसतं "नाही" म्हणून काम थांबेलच असं नाही. पण त्याच कायद्यात हेही लिहिलं आहे की नुकसान कमीत कमी करायचं आणि झालेल्या नुकसानीची पूर्ण भरपाई द्यायची. रक्कम पटली नाही तर जिल्हा न्यायाधीशांकडे अर्ज करता येतो. जमीन आपल्याच नावावर राहते. पण तारांखाली घर बांधता येत नाही, उंच झाडं ठेवता येत नाहीत. भात, भाजीपाला घेता येतो.

किती जमीन अडकते? ४०० केव्हीच्या वाहिनीखाली साधारण ४६ मीटर रुंदीचा पट्टा धरतात. आपल्या शेतातून अशी तार १०० मीटर गेली तर ४६०० चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ ४५ गुंठे झाले. एकरापेक्षा जास्त! म्हणून फक्त टॉवरच्या चार पायांचे पैसे घेऊन गप्प बसू नका. केंद्र सरकारच्या जून २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत टॉवरच्या जागेसाठी जमिनीच्या किमतीच्या २०० टक्के आणि तारांखालच्या पट्ट्यासाठी ३० टक्के मोबदला सुचवला आहे. आपल्या वाहिनीला राज्याचा कोणता दर लागू आहे, ते प्रांत कार्यालयात लेखी विचारा. पिकाची आणि झाडांची भरपाई वेगळी मागायची.

पण खरी वेळ पैशाच्या आधीची आहे. मोजणीवाले दुर्बीण घेऊन येतात, दगडावर लाल खूण करून जातात, तेव्हाच बोलायचं. दोन टॉवरमध्ये साधारण ३०० ते ४०० मीटर अंतर असतं, त्यामुळे जागा थोडी पुढेमागे सरकवायला वाव असतो. पाया खोदल्यावर तो वाव संपतो आणि हातात फक्त मोबदल्याची बोलणी उरतात.

इथेच आपली अडचण आहे. नोटीस सातबाऱ्यावरच्या नावाने येते आणि तिथे बहुतेक वेळा घरातल्या पुरुषाचंच नाव असतं. पण विहिरीला पाणी कुठल्या बाजूने येतं, गुरं कुठून उतरतात, आंब्याचं कुठलं झाड दरवर्षी धरतं, हे बाईला ठाऊक असतं. ते नकाशात आलं नाही तर टॉवर नेमका तिथेच बसतो. शिवाय एकीच्या शेतातून सरकलेला टॉवर शेजारणीच्या शेतात जातो. म्हणून एकेकटीने नव्हे, गटाने बोलायचं.

गटाच्या बैठकीत एवढं करा. गावाचा साधा नकाशा काढून विहिरी, फळझाडं, घरं, स्मशान, देवस्थान मांडा. वाहिनीचा आराखडा ग्रामसभेत दाखवावा असं लेखी मागा आणि पोचपावती घ्या. वर्तमानपत्रातल्या जाहिरातीत हरकतीची मुदत दिलेली असते, ती चुकवू नका. वारसनोंद राहिली असेल तर तलाठ्याकडे आताच करून घ्या. वनहक्काचा पट्टा किंवा दाव्याची पावती जपून ठेवा. काम सुरू होण्याआधी उभ्या पिकाचे आणि झाडांचे फोटो काढा. पंचनाम्यावर झाडांची संख्या वाचल्याशिवाय सही किंवा अंगठा देऊ नका आणि कोऱ्या कागदावर तर कधीच नाही.

वीज सगळ्यांना हवी आहे, आम्हालाही आणि तुम्हालाही. पण ती कुठून न्यायची हे ठरवताना तुमचा शब्द आधी यायला हवा. पुढच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेत हा विषय घालायला आजच अर्ज द्या.