पिवळी रांग आधी बाजारात

गेल्या उन्हाळ्यात दुकानदारानं आमच्या गटाची शेंगदाणा चटणीची २२ पाकिटं परत केली. एक्स्पायरी होऊन ८ दिवस झाले होते. तारखा वहीत होत्याच, पण वही रोज उघडतं कोण?

आता आम्ही गूगल शीट्समध्ये नोंद ठेवतो. पहिल्या रकान्यात माल, दुसऱ्यात पाकिटं, तिसऱ्यात एक्स्पायरी. चौथ्यात उरलेले दिवस. ते शीटच काढते. दुसऱ्या ओळीत लिहायचं: बरोबरचं चिन्ह, सी दोन, वजा, टुडे, पुढे रिकामा कंस. टुडे म्हणजे आजची तारीख, ती रोज आपोआप बदलते. हे सूत्र खाली ओढायचं, पण तारखा भरल्यात तिथवरच. नाहीतर रिकाम्या ओळीही लाल होतात आणि उगाच धडकी भरते!

मग चौथा रकाना निवडून ‘कंडिशनल फॉरमॅटिंग’मध्ये दोन नियम द्यायचे: शून्यापेक्षा कमी असेल तर लाल, ३१ पेक्षा कमी असेल तर पिवळा. लालचा नियम वर ठेवा, कारण शीट वरचा नियम आधी लावते.

खरी गोम तारखेत आहे. आपण ५/८ लिहितो ते पाच ऑगस्ट, पण शीट अमेरिकी पद्धतीवर असेल तर ती आठ मे समजते. म्हणून संगणकावर फाइलच्या सेटिंग्जमध्ये ‘लोकेल’ भारत करून घ्या.

आता दर सोमवारी बचत गोळा करताना आमची सचिव शीट उघडते. पिवळा माल त्याच आठवड्यात बाजारात जातो. लाल झालेला विकत नाही, अर्ध्या किमतीतही नाही.